फळ्यावरचे बोट लॅपटॉपपर्यंत : प्रकल्प नोंदी

10 मे 2025

सुट्टी लागली असल्यामुळे संगणक कक्ष मोकळा आहे आणि गेले वर्षभर मागे पडत आलेले काम हाती घ्यायला हरकत नाही. आमची शाळा देवगड तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. दोन वर्षांपूर्वी मुंबईकर माजी विद्यार्थ्यांनी वर्गासाठी 65 इंची पडदा आणि त्यावर बसणारी अवरक्त किरणांची स्पर्शचौकट दिली. पडदा आणि शिक्षकांचे टेबल यांत 10 मीटरचे अंतर आहे, म्हणून चित्रासाठी एक एचडीएमआय केबल आणि स्पर्शासाठी एक यूएसबी केबल भिंतीवरून फिरवली होती. यूएसबी 2.0 ची साधी केबल 5 मीटरपर्यंतच भरवशाची असल्याने मध्ये एक विजेवर चालणारा जोड घालावा लागला, आणि खाऱ्या हवेने सर्वांत आधी त्याच जोडाचा बळी घेतला. पिनांवर हिरवट थर धरला, तो खरवडला की महिनाभर चालायचे, मग पुन्हा तेच.

गेल्या वर्षी पडद्यामागे रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक बसवून चित्र मिराकास्टने, म्हणजे वायफायवरून चित्र पाठवण्याच्या पद्धतीने, बिनतारी पाठवायला सुरुवात केली. चित्र उत्तम येते, पण तेव्हापासून पडदा मुका झाला आहे. भूगोलाच्या बाई नकाशावर बोट ठेवतात आणि मग तो सरकवण्यासाठी टेबलापर्यंत चालत जातात. पडद्यावरचा स्पर्श त्याच बिनतारी जोडणीतून उलट दिशेने लॅपटॉपकडे नेणे, एवढेच या प्रकल्पाचे काम आहे. शाळेचे लॅपटॉप जुने असून त्यांवर लिनक्स आहे. चित्र पाठवणारा कार्यक्रम मी स्वतः पायथॉनमध्ये लिहिलेला असल्यामुळे दोन्ही टोके माझ्या हातात आहेत, ही यातली मोठी सोय.

12 मे 2025

दिवसभर वायफाय डिस्प्लेचे, म्हणजे मिराकास्टमागचे, तांत्रिक विनिर्देश वाचले. वायफाय अलायन्सने 2012 मध्ये मिराकास्ट या नावाने प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, तेव्हापासूनच त्यात या उलट्या वाटेची तरतूद आहे. तिचे नाव यूजर इनपुट बॅक चॅनल, म्हणजे यूआयबीसी. मात्र ती ऐच्छिक आहे. बाजारात चित्र दाखवणारी असंख्य यंत्रे असूनही स्पर्श परत नेणारी विरळा का आढळतात, याचे उत्तर या एका शब्दात आहे.

चित्र देणाऱ्या यंत्राला सोर्स आणि दाखवणाऱ्याला सिंक म्हणतात. वायफाय डायरेक्टने, म्हणजे मध्ये राउटर न ठेवता, दोघांची गाठ पडली की सिंक हा सोर्सच्या 7236 या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांकित दारावर, टीसीपी जोडणी करतो आणि तिच्यावरून आरटीएसपीचे, म्हणजे चित्राची पाठवणी ठरवण्याचे, संदेश सुरू होतात. या संदेशांना एम1 ते एम16 असे क्रमांक आहेत. एम3 मध्ये सोर्स विचारतो की तुला काय काय जमते, आणि त्याच यादीत यूआयबीसीचा प्रश्नही असतो. सिंक उत्तरात आपल्याकडे कळफलक, माउस, एकबोटी स्पर्श, बहुबोटी स्पर्श यांपैकी काय आहे ते सांगतो, पण पोर्टच्या जागी ‘नाही’ असे लिहितो. पोर्टचा आकडा नंतर एम4 मध्ये किंवा वेगळ्या एम14 मध्ये सोर्सकडून येतो. शेवटी एम15 ने ही वाट उघडायची किंवा मिटायची.

14 मे 2025

आजचा दिवस माझ्याच समजुतीने वाया घालवला. चित्र सोर्सकडून सिंककडे जाते, तेव्हा उलट्या वाटेवर सिंक पाठवणारा आणि सोर्स घेणारा, इथपर्यंत बरोबर होते. पण ‘पडदा सेवा देतो, लॅपटॉप ती मागतो’ असे मनात धरून मी रास्पबेरी पायवर पोर्ट उघडून बसलो आणि लॅपटॉपची वाट पाहत राहिलो. वस्तुतः ऐकत बसायचे ते सोर्सने. आकडा सोर्स सांगतो याचा अर्थच तो आहे, आणि परवा मी ते वाक्य स्वतःच्या हाताने वहीत उतरवले होते.

दिशा सुधारल्यावरही जोडणी होईना. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये गेल्या वर्षी 7236 ला वाट करून दिली होती, नव्या पोर्टला नव्हती. संध्याकाळी सहा वाजता पहिले पॅकेट पोहोचले.

15 मे 2025

पाठवायचे कोणत्या रूपात, हे आज ठरवले. यूआयबीसीमध्ये दोन प्रकार आहेत. पहिल्या, सामान्य प्रकारात सिंक स्वतः अर्थ लावतो आणि ‘अमुक क्रमांकाचे बोट अमुक जागी टेकले’ एवढेच सांगतो. दुसऱ्या, एचआयडीसी प्रकारात यूएसबी किंवा ब्लूटूथ उपकरणाने दिलेला अहवाल जसाच्या तसा, त्या उपकरणाच्या वर्णनासह, पुढे ढकलला जातो आणि त्याचा अर्थ सोर्सने लावायचा असतो. दुसरा प्रकार पहिल्या नजरेत आकर्षक वाटतो, कारण स्पर्शचौकट जे म्हणते त्यातला एक दाणाही सांडत नाही.

तरीही मी सामान्य प्रकार निवडला. एचआयडीसीत चौकटीचे आकडे चौकटीच्याच मापात जातात. आमची चौकट आडवी 0 ते 32767 असे मोजते, आणि त्या मापाचा पडद्यावर दिसणाऱ्या चित्राशी काय संबंध आहे हे लॅपटॉपला ठाऊक असण्याचे कारण नाही. चित्र पडद्यावर कसे बसले आहे, कडेला काळ्या पट्ट्या आहेत का, काही कापले गेले आहे का, हे सिंकच्या बाजूलाच कळू शकते. सामान्य प्रकारात नियम स्पष्ट आहे : जागा सांगायची ती ठरलेल्या व्हिडिओच्या मापात, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून मोजून. आमचा व्हिडिओ 1280 बाय 720 चा असतो आणि पडद्याची रुंदी सुमारे 144 सेंटिमीटर आहे, म्हणजे एक ठिपका साधारण 1.1 मिलिमीटरचा झाला. बोटासाठी एवढी बारकाई पुष्कळ झाली.

17 मे 2025

विचित्र दोष. जोडणी झाल्यावर पहिला स्पर्श अगदी अचूक पोहोचतो, दुसऱ्यापासून कचरा येतो.

पॅकेटची रचना हाताने मोजली तेव्हा कारण सापडले. सुरुवातीचे शीर्षक 4 बाइटचे : त्यात आवृत्ती, वेळशिक्का आहे की नाही याचा एक बिट, प्रकार आणि लांबी. मग स्पर्शाचा प्रकार 1 बाइट, त्याची लांबी 2 बाइट, बोटांची संख्या 1 बाइट, आणि प्रत्येक बोटामागे क्रमांकाला 1 व दोन्ही अक्षांना दोन-दोन असे 5 बाइट. एका बोटाची बेरीज 13 होते. पॅकेट मात्र 16 बिटांच्या पटीत असायला हवे, म्हणून शेवटी एक रिकामा बाइट जोडून ते 14 चे करायचे असते. पाठवताना मी तो जोडत होतो, घेताना मात्र 13 वर थांबत होतो, त्यामुळे पुढच्या पॅकेटचे शीर्षक एक घर सरकलेले वाचले जाई. दोन बोटांना बेरीज 18 होते आणि भरतीची गरजच पडत नाही. सकाळी दोन बोटांची चाचणी बिनबोभाट पार पडून एका बोटाला यंत्र अडखळत होते, त्याचे हे कारण. दुपारपर्यंत मी चौकटीलाच दोष देत होतो.

याच ओघात आणखी एक सुधारणा केली. टीसीपी हा प्रवाह असून त्याला पॅकेटांच्या सीमा माहीत नसतात, त्यामुळे एका वाचनात अडीच पॅकेटेही येऊ शकतात. आता आलेले सर्व एका साठ्यात टाकून, शीर्षकातली लांबी पाहूनच कापतो.

19 मे 2025

लॅपटॉपवर आलेला स्पर्श प्रत्यक्ष व्यवस्थेच्या हाती देण्यासाठी लिनक्सची यूइनपुट सोय वापरली आहे. तिच्यामार्फत एक खोटे उपकरण तयार करायचे आणि त्याच्या नावाने घटना घालायच्या. पहिल्या प्रयत्नात पडद्यावर बोट फिरवले की लॅपटॉपवर नुसता बाण सरकत राही, जणू दीड मीटर रुंदीचा टचपॅडच भिंतीवर टांगला आहे. उपकरण जाहीर करताना मी ‘बोट’ हे साधन सांगितले होते, पण स्पर्श होतो तिथेच चित्र असते असे दर्शवणारा ‘थेट’ हा गुणधर्म लावायचा विसरलो होतो. तो लावताच व्यवस्थेने त्याला टचस्क्रीन मानले.

बहुबोटी स्पर्शासाठी प्रत्येक बोटाला एक घर आणि घर भरताना एक मागोवा-क्रमांक द्यावा लागतो, आणि बोट उचलले की त्या घरात उणे एक लिहायचे. दहा घरे ठेवली आहेत.

27 मे 2025

परवा, 25 तारखेलाच, पाऊस देवगडपर्यंत येऊन पोहोचला. मिरगाच्या आधी दोन आठवडे. आज रात्री आठ वाजता चाचणी घेत असताना नकाशा आपोआप मोठा-लहान होऊ लागला, खिडक्या उघडल्या-मिटल्या, आणि मी सर्वप्रथम माझ्या कार्यक्रमावर संशय घेतला. मग पडद्याकडे पाहिले. पहिल्या सरींनंतर निघणारी वाळवीची पाखरे उजेडावर झेपावली होती आणि चौकटीतल्या किरणांना आडवी जात होती. अवरक्त चौकटीला काच दाबली गेली की नाही हे कळत नाही, किरण अडला की तिच्या लेखी ते बोट. पूर्वी केबल असतानाही हे होत असणार, फक्त तेव्हा रात्री कोणी पडदा लावत नव्हते.

गाळणी कुठे बसवावी याचा विचार करताना लक्षात आले की ती सिंकवरच बसली पाहिजे. चौकट प्रत्येक स्पर्शाची रुंदी-उंचीही सांगते, पण सामान्य प्रकारच्या पॅकेटात फक्त क्रमांक आणि जागा जाते, आकार जात नाही. लॅपटॉपला पाखरू आणि बोट यांत भेद करायला काही साधनच उरत नाही. आकारावर गाळून पाहिले, तर पंखांसकट पाखरू जवळपास करंगळीएवढे भरते आणि पहिलीतल्या मुलाचे बोट त्याहून लहान असू शकते. काळावर गाळून पाहिले, म्हणजे 60 मिलिसेकंदांहून अधिक टिकलेलाच स्पर्श खरा मानला, तर उडणारी पाखरे गळतात पण काचेवर बसून चालणारी तशीच राहतात, शिवाय प्रत्येक खऱ्या स्पर्शालाही तेवढा उशीर होतो.

शिपाई काका दारात उभे राहून हे सर्व पाहत होते. ते म्हणाले, “सर, भायरचो दिवो लावया, पाखरां थंय जातली.” पडवीतला दिवा लावला, वर्गातला मालवला. दहा मिनिटांत पडदा मोकळा झाला. काळाची गाळणी 30 मिलिसेकंदांवर आणून ठेवली आहे. बाकीचे काम पडवीतल्या दिव्याकडे.

2 जून 2025

बोट आणि खूण यांत अंतर पडते अशी शंका पहिल्यापासून होती, आज मोजपट्टी घेऊन बसलो. पडद्याच्या मध्यावर फरक शून्य. डाव्या कडेला खूण बोटाच्या बाहेरच्या बाजूला पळते, पण किती ते दिसत नाही, कारण ती पडद्याबाहेर जाते. म्हणून डाव्या कडेपासून मध्यापर्यंतच्या निम्म्या अंतरावर मोजले तर सुमारे 1.9 सेंटिमीटर भरले. उजवीकडेही तितकेच, उलट दिशेला.

सगळीकडे सारखा फरक असता तर शून्यबिंदू चुकला म्हटले असते. मध्यापासून बाहेर वाढत जाणारा फरक म्हणजे माप चुकले, आणि माझ्या गुणोत्तरात चूक नव्हती. चूक होती पडद्यात. टीव्हीसंचाला चित्र किंचित फुगवून कडा कापायची जुनी सवय असते, तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. चारही बाजूंनी अडीच टक्के कापले जात असेल तर 1280 पैकी 32 ठिपके डावीकडे दिसतच नाहीत, आणि कडेला सुमारे पावणेचार सेंटिमीटरची तफावत यायला हवी. माझे निम्म्या वाटेवरचे 1.9 त्याच्याशी जुळते. वर्षभर आम्ही या पडद्यावर नकाशे पाहत होतो आणि कोणाच्याही लक्षात आले नाही की कडेची पट्टी दिसत नाही. बोटाने ते चार मिनिटांत पकडले.

संचाच्या मांडणीत जाऊन चित्र ‘जसेच्या तसे’ दाखवण्याचा पर्याय निवडला. फरक मिटला. वीज गेल्यावर हा पर्याय परत मूळपदावर जातो का, हे मात्र पाहत राहिले पाहिजे.

एक जुना चौकोनी लॅपटॉप 1024 बाय 768 चा आहे. त्याचे चित्र 720 उंचीत बसवले की रुंदी 960 होते आणि दोन्हीकडे 160 ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात. या पट्ट्या लॅपटॉपने व्हिडिओत स्वतः घातलेल्या असल्यामुळे त्यांचा हिशेबही त्यानेच करायचा. पट्टीवर पडलेला स्पर्श तो टाकून देतो. सिंकने आपल्या पडद्याचा हिशेब करायचा, सोर्सने आपल्या चित्राचा, आणि मधल्या व्हिडिओच्या मापावर दोघांनी हात मिळवायचा, अशी ही वाटणी आहे. ती मला पटली.

9 जून 2025

आज उशिराचा हिशेब. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने सेकंदाला 240 चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रण केले आणि बोट हलल्यापासून पडद्यावरची रेघ हलेपर्यंतच्या चौकटी मोजल्या. 74 आल्या, म्हणजे सुमारे 308 मिलिसेकंद. हा पूर्ण फेऱ्याचा काळ आहे : स्पर्श लॅपटॉपकडे जातो, लॅपटॉप रेघ काढतो, चित्र आवळले जाते, परत येते, उलगडते, दिसते.

सर्वांत मोठा वाटा अनपेक्षित जागी निघाला. सिंकवर व्हिडिओ घेण्यासाठी मी जीस्ट्रीमर ही प्रणाली वापरतो, आणि त्यातला आरटीपीचा, म्हणजे व्हिडिओ ज्या पॅकेटांतून येतो त्यांचा, साठवण-टप्पा काही सांगितले नाही तर 200 मिलिसेकंद राखून ठेवतो. चित्रपट पाहताना ते योग्यच आहे. तो आकडा 50 वर आणला आणि चौकटी 39 झाल्या. संचाचा खेळासाठीचा प्रकार निवडला, 31 झाल्या. सुमारे 129 मिलिसेकंद. याच्या खाली जाण्याची माझी ऐपत नाही.

उशीर कमी झाला तरी रेघ वेडीवाकडी येत होती. कोकणचा किनारा ही यासाठी उत्तम परीक्षा आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड, भाट्ये, जैतापूर, विजयदुर्ग अशा खाड्यांत शिरत-निघत बोट फिरवले की वळणे गोल न येता कोन पडत, आणि विजयदुर्गची खाडी चक्क एका सरळ रेषेने बुजवली जाई. म्हणजे हालचालीची पॅकेटे एकेकटी न येता गठ्ठ्याने येत होती. हे टीसीपीचे जुने वळण आहे. जॉन नेगल यांनी 1984 मध्ये सुचवलेल्या पद्धतीनुसार, आधीच्या पाठवणीची पोच आल्याशिवाय पुढचे लहान पॅकेट रोखून धरले जाते, आणि घेणारी बाजूही पोच द्यायला थोडी थांबते, लिनक्सवर कमीत कमी 40 मिलिसेकंद. दोघांचा संयम एकत्र आला की 14 बाइटच्या पॅकेटांचा खोळंबा होतो. सिंकच्या बाजूने जोडणीवर ही पद्धत बंद करण्याचा पर्याय लावला. विजयदुर्गची खाडी पुन्हा उघडली.

16 जून 2025

शाळा सुरू झाली. चौथ्या तासाला आठवीच्या वर्गात प्रथमच प्रत्यक्ष वापर झाला. बाईंनी रोहा ते ठोकूर कोकण रेल्वेचा मार्ग मुलांकडून एका दमात काढून घेतला. चार मुलांनी हात न उचलता पूर्ण केला. पाचवा मुलगा बोट झपाट्याने नेत होता, रेघ मागून येत होती, आणि रेघ आली नाही असे समजून त्याने दोनदा हात उचलला. बाईंचे म्हणणे असे की मुले आता रेघेची वाट पाहत हळू लिहितात, खडूने लिहिताना तसे लिहीत नाहीत.

म्हणून रात्री एक प्रयोग केला. लॅपटॉपची वाट न पाहता रास्पबेरी पायनेच बोटाखाली एक फिकट रेघ ताबडतोब काढावी आणि खरी रेघ आल्यावर ती पुसावी. लेखणी हातात असेल तेव्हा हे फार सुखद वाटते. पण त्याच बोटाने नकाशा सरकवला, तेव्हाही फिकट रेघ उमटली. कळ दाबली, तरी ठिपका उमटला. बोट कुठे आहे हे सिंकला माहीत असते, पण त्या बोटाचा अर्थ काय, लेखणी की ओढणे की दाबणे, हे फक्त लॅपटॉपवरच्या कार्यक्रमाला ठाऊक. तो अर्थ सिंकला कळवण्याची सोय यूआयबीसीत नाही, आणि मी ती वरून जोडायला गेलो तर आमचा पडदा फक्त आमच्याच लॅपटॉपशी बोलू शकेल. प्रयोग मागे घेतला. मुलांच्या हाताला 129 मिलिसेकंदांची सवय लागते का, ते पाहू.

याच संदर्भात वेळशिक्क्याचाही निकाल लावला. पॅकेटात हवे तर 16 बिटांचा शिक्का घालता येतो. स्पर्शाच्या क्षणी पडद्यावर व्हिडिओची जी चौकट दिसत होती तिच्या आरटीपी वेळेचे ते शेवटचे 16 बिट असतात. हेतू चांगला आहे. माणूस नेहमी किंचित जुन्या चित्राला हात लावत असतो, आणि हलत्या वस्तूवर बोट ठेवले तर त्याला कोणती वस्तू अभिप्रेत होती हे सोर्सला यावरून काढता येते. व्हिडिओचे घड्याळ सेकंदाला 90,000 टोले देते, त्यामुळे हा शिक्का दर 0.73 सेकंदाला पुन्हा शून्यावर येतो. त्याहून जुना स्पर्श आला तर तो ओळखता येणार नाही. आमचे नकाशे स्थिर आहेत, शिक्क्याने पॅकेट 16 बाइटचे होते आणि त्याचा उपयोग करणारा कार्यक्रम लॅपटॉपवर नाही. घातला नाही.

24 जून 2025

सकाळपासून पाऊस आणि वारा. दुसऱ्या तासाला बाई लिहीत असतानाच वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पडदा आणि रास्पबेरी पाय बंद पडले. मग लॅपटॉपवर काही केल्या माउस चालेना. जिथे बाण न्यावा तिथे रेघ ओढली जाई.

हा दोष मला आधीच सुचायला हवा होता. बोट टेकल्याचे पॅकेट पोहोचले होते, उचलल्याचे पाठवणारा पाठवण्यापूर्वीच मेला. व्यवस्थित निरोप घेऊन जोडणी तुटली असती तर लॅपटॉपला कळले असते. वीज गेल्यावर निरोप घेणारे कोणी नसते, आणि टीसीपीच्या दृष्टीने शांत जोडणी व तुटलेली जोडणी यांत फरक नसतो. आरटीएसपीचा एम16 हा संदेश सिंक जिवंत आहे का ते मधूनमधून विचारतो खरा, पण त्याची मुदत माझ्याकडे 60 सेकंदांची होती, आणि वर्गात 60 सेकंद म्हणजे फार मोठा काळ.

जोडणी बंद होताच सर्व बोटे उचलणे ही पहिली दुरुस्ती. पण तेवढ्याने भागत नाही. ‘बराच वेळ काही आले नाही तर बोट उचलले असे समजावे’ असाही नियम करता येत नाही, कारण मूल नकाशावर बोट टेकवून उत्तर आठवत उभे असते, आणि तेव्हा पाठवण्यासारखे काही नसते. म्हणून दोन्ही बाजू बदलल्या. बोट टेकलेले असेपर्यंत ते हलो न हलो, सिंकने दर 100 मिलिसेकंदांनी हालचालीचे पॅकेट त्याच जागेसह पुन्हा पाठवायचे. विनिर्देशांत यासाठी वेगळा संदेश नाही, पण त्याच जागी ‘हललो’ म्हणण्याला मनाईही नाही. ठरावीक काळ काहीच न आल्यास लॅपटॉपने बोटे उचलायची. हा काळ प्रथम 400 मिलिसेकंद ठेवला, तर धड जोडणीतही रेघा तुटू लागल्या. हवेत एखादे पॅकेट हरवले की लिनक्स किमान 200 मिलिसेकंद थांबून पुन्हा पाठवतो, तेही हरवले तर आणखी 400. दोन हरवण्या सोसायच्या तर 600 हून अधिक हवेत. 800 ठेवले आहेत.

मुख्य कळ हाताने खाली ओढून अकरा वेळा चाचणी घेतली. अकराही वेळा बोट सुटले. शिपाई काकांनी अकराव्या वेळी विचारले की मीटर जळणार नाही ना.

3 जुलै 2025

मुख्याध्यापकांनी रास्त प्रश्न विचारला : पडद्याला हात लावणारा कोणीही शिक्षकांच्या लॅपटॉपवर काहीही करू शकेल का? बोटाने जेवढे करता येते तेवढे करू शकेल, हे खरे उत्तर आहे. ही वाट म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रात हात घालण्याचीच परवानगी आहे.

तीन गोष्टी केल्या. एम3 च्या उत्तरात सिंक आता फक्त एकबोटी आणि बहुबोटी स्पर्श सांगतो, कळफलक सांगत नाही, आणि लॅपटॉपवरचे खोटे उपकरणही कळा जाहीर करत नाही, त्यामुळे कोणी कळफलकाची पॅकेटे घडवून पाठवली तरी ती जिरतात. दुसरे, वायफाय डायरेक्टची गाठ बांधताना पिन मागितला जातो, आणि तो पडद्यावर दिसतो. तिसरे, लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक बटण ठेवले आहे. ते दाबले की एम15 ने वाट मिटते, पुन्हा दाबले की उघडते. बाई हजेरी आणि गुण भरताना ते बंद ठेवतात.

19 जुलै 2025

इतरांच्या यंत्रांवर पाहिले. इंग्रजीच्या सरांच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, आणि तिथे पडद्याशी जोडल्यावर या पडद्याकडून माउस, कळफलक, स्पर्श व लेखणी घ्यायची का असा चौकोन दिसतो. तो भरल्याशिवाय काही होत नाही. माझ्या स्वतःच्या भ्रमणध्वनीने चित्र पाठवले, पण एम3 च्या यादीत यूआयबीसीचा प्रश्नच नव्हता. न विचारल्यावर सिंकने सांगणे व्यर्थ. अशा वेळी पडद्यावर एक हाताची खूण फुलीसह दाखवतो, म्हणजे मुले उगाच काच दाबत राहणार नाहीत.

11 ऑगस्ट 2025

दोन आठवडे दुपारच्या तासांना चित्र अडखळत होते आणि स्पर्श गठ्ठ्याने येत होता, सकाळी मात्र सर्व सुरळीत. ओल्या चिऱ्याच्या भिंतीला बोल लावला होता. प्रत्यक्षात दुपारी बाई लॅपटॉप शाळेच्या इंटरनेटलाही जोडतात. शाळेचा राउटर 2.4 गिगाहर्ट्झच्या 6 क्रमांकाच्या वाहिनीवर आहे, पडद्याशी असलेली जोडणी 5 गिगाहर्ट्झच्या 36 वर, आणि लॅपटॉपात रेडिओ एकच. तो बिचारा दोन बिऱ्हाडे सांभाळत इकडून तिकडे उड्या मारत होता. राउटर जुना असल्याने त्याला वर नेता येत नाही. पडद्याची जोडणीच 2437 मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच 6 वर, बांधून टाकली. वेग कमी झाला, पण 720 च्या चित्राला लागतो त्यापेक्षा अजूनही बराच आहे. अडखळणे थांबले.

22 ऑगस्ट 2025

27 तारखेला गणेश चतुर्थी, उद्यापासून वर्गात कोणी नसेल. पडद्यामागचा रास्पबेरी पाय काढून सुकी रेती भरलेल्या डब्यात न ठेवता तिथेच चालू ठेवावा असे ठरवले आहे, कारण चालू यंत्राच्या उबेने दमटपणा कमी धरतो. यूएसबीची फक्त एक वीतभर केबल उरली आहे, चौकटीपासून रास्पबेरी पायपर्यंत. तिच्या दोन्ही टोकांना व्हॅसलीन लावले.

ओव्हरस्कॅनचा पर्याय तीनदा वीज जाऊन आल्यावर आज पुन्हा मूळपदावर गेलेला सापडला. आता रास्पबेरी पाय सुरू होताना चार कोपऱ्यांत चार लहान चौकोन दाखवतो. ते पूर्ण दिसले नाहीत तर बाईंनी मला बोलवायचे.